पियाला भरू नये

त्या माणसाने माझ्यापुढे पियाला ठेवला, त्यात दोन घोट चहा ओतला आणि किटली वर उचलली.

दोन म्हणजे मोजून दोन. आमच्या कराडच्या स्टँडवर कटिंग मागितला तरी याच्या तिप्पट येतो.

"मंदे, याला म्हणावं, हात आखडू नकोस. भर म्हणावं."

मंदाने माझ्याकडे बघितलंही नाही. ती स्वतःच्या पियाल्यात बघत होती. तिथे तर दीडच घोट होता. आणि त्या दीड घोटाकडे बघून आमच्या मंदाकिनीबाई अशा खुलल्या होत्या, की लग्नात मी सव्वा तोळ्याचं मंगळसूत्र घातलं तेव्हाही खुलल्या नव्हत्या.

"थँक यू म्हणा त्याला," ती म्हणाली.

"कशाबद्दल? पियाला धुतल्याबद्दल?"

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. गाव अमेरिकेतलं, इंडियाना राज्यातलं. नाव मी विसरलो. तिथल्या लोकांनाही फारसं आठवत नसावं. एक चर्च, एक धान्याचं कोठार, एक पेट्रोल पंप आणि चहूकडे मका. मका इतका, की सकाळी एका टोकाने शेतात शिरलेला कुत्रा दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत म्हातारा झालेला असायचा. आमचा श्रीरंग आम्हा दोघांना गाडीतून त्याच्या मित्राकडे घेऊन चालला होता, आणि त्या मक्याच्या मधोमध टायर बसला.

हायवेच्या कडेला एक बुटकी इमारत होती. दारावर इंग्रजी पाटी, तिच्याखाली तिरपागडी अक्षरं, आणि अंगणात रेल्वेच्या डब्याएवढे चार-पाच ट्रक. "उझबेक हॉटेल आहे," श्रीरंग म्हणाला. "तिकडचे पुष्कळ लोक आता इथे ट्रक चालवतात, त्यांच्यासाठी असणार. तुम्ही निवांत जेवा. मी टायरचं बघून दोन तासांत येतो. बाबा, प्लीज, कुणाला त्या विहिरीची गोष्ट सांगत बसू नका."

ही विहिरीची गोष्ट काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी भालचंद्र खर्शीकर. चौतीस वर्षं शेतीचे पंप विकले. सातारा, सांगली, कोल्हापूर, पार जतपर्यंत फिरलो. पंप काय, सगळेच पाणी ओढतात. पण शेतकरी विकत घेतो तो गोष्ट. माझी गोष्ट अशी: इस्लामपूरजवळ एका पाटलाच्या विहिरीवर मी पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला. बटण दाबलं. पहिल्या तासात विहीर कोरडी. दुसऱ्या तासात शेजारच्या गावची विहीर कोरडी. तिकडचे लोक रिकाम्या घागरी घेऊन आमच्याकडे पळत आले. तिसऱ्या तासात पाइपातून बेडूक आले, कासव आलं, पाटलाच्या आजीची हरवलेली कळशी आली, आणि शेवटी टण्णकन एक मनगटी घड्याळ बाहेर पडलं. बारा वर्षांपूर्वी पाटील वाकून पाणी बघताना विहिरीत पडलेलं. उचलून कानाला लावलं, तर चालू!

या घड्याळावर मी किती पंप विकले त्याला गणती नाही. माणसं पोट धरून हसायची. पाहुण्यांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एका तेराव्याला हसली. फक्त एक माणूस कधी हसलं नाही. मी गोष्ट सुरू केली की मंदा उठायची, आणि स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज यायचा. एकेचाळीस वर्षं. लोक मला खर्शीकर थापाडे म्हणाले तर मला मानपत्र दिल्यासारखं वाटायचं. पण ते भांडं वाजलं की आत कुठेतरी कळ यायची.

तर त्या हॉटेलात आम्ही शिरलो. आत भिंतीवर एक गालिचा, कोपऱ्यात तंदूर, टेबलांवर मेणकापड. चार ट्रकवाले जेवत होते. गल्ल्यामागे साधारण माझ्याच वयाचा गृहस्थ: डोक्याला पांढऱ्या नक्षीची काळी चौकोनी टोपी, मिशी, आणि समोरचे तीन दात सोन्याचे. मंदाची साडी बघून त्याने हात छातीवर ठेवला आणि मान लववली. माझ्या पँटला असा मान मिळाला नाही.

भिंतीवर फळा होता, त्याच तिरपागड्या अक्षरांत लिहिलेला. मी खिशातून चष्मा काढला, तो उगाचच. मंदा फळ्यापाशी गेली, बोट उचललं आणि बालवाडीतल्या मुलासारखी मोठ्याने वाचू लागली.

"तीक्वा... तीक्वा म्हणजे भोपळा. अहो, भोपळ्याचा सामोसा आहे!"

गल्ल्यामागचा माणूस जागच्या जागी थिजला. मग त्याने काहीतरी विचारलं. मंदाने उत्तर दिलं, चाचरत, थांबत, एक शब्द पुढे आणि दोन मागे. त्याने दोन्ही हात वर केले. ट्रकवाल्यांचे चमचे थांबले.

आता हेही सांगायला हवं. लग्नाआधी मंदा पुण्यात होती, आणि तिथे दोन वर्षं तिने रशियन शिकलं होतं. त्या काळी पुष्कळ जण शिकायचे. पुढच्या शिक्षणासाठी तिकडे जायचं घाटत होतं म्हणे. मग माझं स्थळ आलं. लग्नानंतर एकदा ट्रंकेत मला जाडजूड शब्दकोश सापडला, तेव्हा मी म्हणालो होतो, "कराडात तू रशियन कुणाशी बोलणार? कोयनेशी का कृष्णेशी?" गल्लीत हा विनोद मी वर्षभर पुरवला. शब्दकोश परत ट्रंकेत गेला. एकेचाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून रशियनचा एक शब्द ऐकला नव्हता. आणि आता ती एका सोन्याच्या दातवाल्याशी भोपळ्यावर बोलत होती.

त्याचं नाव शवकत. उझबेक माणूस, सोव्हिएत राजवटीत शाळेत आणि सैन्यात रशियन शिकलेला. गल्ला सुनेच्या हवाली करून तो आमच्या टेबलाशी आला आणि एक खुर्ची ओढून बसला. चहाची किटली आली. त्याने पियाल्यात चहा ओतला आणि तो परत किटलीत टाकला. पुन्हा ओतला, पुन्हा परत टाकला. असं तीनदा. मला वाटलं, द्यावा की न द्यावा हे याचं ठरत नाही. आणि मग ते दोन घोट.

जेवण मंदानेच सांगितलं. तिच्यासाठी भोपळ्याचे सामोसे आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आली. नक्षी छापलेली गोल रोटी शवकतने हाताने मोडून दिली. माझ्यापुढे आली गाजर घातलेल्या पिवळ्या भाताची परात. वर मटणाचे पाच तुकडे, प्रत्येक तुकडा माझ्या मुठीएवढा.

"हे मटण आहे," मी घाबरून म्हणालो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"मग खा की."

"मी कुठे खातो?"

"कोल्हापूरचा दौरा झाला की तुमच्या शर्टाला वास यायचा. चौतीस वर्षं मीच धुतलेत ते शर्ट. खा, गार होईल."

एवढं बोलून ती परत शवकतकडे वळली. माझ्या चौतीस वर्षांच्या पापाला तिने पाच सेकंदही दिले नाहीत.

भात फार उत्तम होता. पण घशाखाली उतरेना. कारण शवकत आता गोष्ट सांगू लागला होता. भाषा मला ओ की ठो कळत नव्हती. पण थापाड्याला थापाड्या शंभर कोसांवरून ओळखतो. आधी त्याने आवाज खाली आणला. मग दोन्ही हात पसरून एक गोल वस्तू दाखवली. मग हात आणखी पसरले. मग खुर्चीवरून उठून त्या वस्तूभोवती तो चालत एक फेरी मारून आला. मग एक डोळा बारीक करून, शपथ घेतल्यासारखा, गळ्याला हात लावला. सगळं माझ्याच पोतडीतलं! गळ्याला हात लावायची ती जागासुद्धा माझी.

आणि मंदा हसली.

पदर तोंडाला लावून नव्हे. दात दाखवून, मान मागे टाकून, टेबलावर थाप मारून. मी ते हसू ओळखत नव्हतो. ते माझ्या घरात राहत नव्हतं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही. त्यांच्या गावची खरबुजं."

"खरबुजात हसण्यासारखं काय?"

"गंमत आहे ती."

"मग सांग मला."

तिने डोळे पुसले, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मराठीत नाही यायची ती गंमत."

चौतीस वर्षं मी मराठीत गंमत आणतोय, आणि ही बाई मला सांगते, मराठीत येत नाही.

शवकतने पुन्हा किटली उचलली. दीड घोट तिला, दोन घोट मला. दोन मिनिटांनी पुन्हा. तिचा पियाला रिकामा व्हायची खोटी, की हा हजर. मध्येच गल्ल्यावर गेला, तरी नजर पियाल्यावर. मान लववायची, हात छातीवर, दीड घोट. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. याला चहाची कंजुषी नाही. हा मुद्दाम थोडा ओततो. थोडा ओतला की लवकर संपतो, आणि संपला की परत यायला निमित्त मिळतं!

सत्तरीत माणसाला मत्सर होतो का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. होतो. विशीत होतो त्याच्या दुप्पट होतो, आणि गुडघे दुखत असल्यामुळे उठून जाताही येत नाही.

मी म्हणालो, "त्याला सांग, मीही गोष्टी सांगतो."

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"पंप विकत होते म्हटलं."

"एवढंच?"

पण ती पुन्हा तिकडे वळली होती. आणि आता ती स्वतः बोलत होती. सुरुवातीला अडखळत होती, हवेत शब्द शोधत होती. शवकत एखादा शब्द पुढे करायचा, ती तो घ्यायची. मग गाडी रुळावर आली. तिचे हात हलू लागले. ट्रकवाल्यांनी खुर्च्या फिरवल्या. गल्ल्यावरची सून, निगोरा तिचं नाव, हातातलं फडकं तसंच धरून पुढे आली. मंदाने काहीतरी खाली दाखवलं, काहीतरी वर ओढलं, गाल फुगवले. शवकत गुडघ्यावर थापा मारायला लागला. एक दाढीवाला ट्रकचालक इतका हसला, की त्याला ठसका लागून त्याच्या सोबत्याने पाठीत बुक्के घातले.

आणि ते सगळे मधूनमधून माझ्याकडे बघत होते.

बघायचे आणि हसायचे. हसायचे आणि बघायचे. मी भाताचा घास तोंडात धरून बसलो. एकेचाळीस वर्षांत साठवलेलं हिने आज बाहेर काढलं म्हणायचं. माझं घोरणं, माझे शर्ट, बँकेत धोतर सुटलं तो प्रसंग. दाढीवाल्याने तर कहर केला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, कानाला लावलं, मग ते माझ्या नाकासमोर नाचवून हसला. अर्थ उघड होता: आजोबा, तुमची वेळ संपली. निघा आता.

मंदाचा पियाला रिकामा झाला. शवकत हसू आवरत किटलीकडे हात नेऊ लागला.

मी पंपवाला माणूस. पाणी घेऊन कुणी सारखं येत असेल तर त्याला थांबवायचा मार्ग एकच: टाकी भरून टाकायची. मी त्याच्याआधी किटली धरली आणि मंदाचा पियाला काठोकाठ भरला. इतका, की चहाची कड पियाल्याच्या वर फुगून उभी राहिली.

"आता पी निवांत," मी म्हणालो. "आणि याला म्हणावं, आता तासभर यायची गरज नाही."

हसणं थांबलं. असं थांबलं, की चालत्या मोटरीची वीज जावी. दाढीवाल्याने घड्याळ खिशात टाकलं. शवकतचा हात हवेतच राहिला. त्याने एकदा भरलेल्या पियाल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग मंदाकडे बघून अगदी हळू काहीतरी बोलला. कुणी गेलेलं असताना बोलतात तसं.

मंदा लाल झाली. मग तिने पियाला दोन्ही हातांनी उचलला आणि उभी राहून, एका दमात, घोटामागून घोट, सगळा संपवला. पियाला टेबलावर ठेवला. पर्स उचलली.

"बरं," मला म्हणाली. "येते."

आणि दार उघडून बाहेर गेली.

मी बघतच राहिलो. एवढा चहा एकदम पिऊन कुणी रागावतं का? खोलीत पाच पुरुष माझ्याकडे असे बघत होते, की मी देवळात चपला घालून शिरलोय. शेवटी निगोरा जवळ आली. ती लहानपणापासून अमेरिकेत वाढलेली. तिचं इंग्रजी श्रीरंगसारखं, नाकातून वाहणारं.

"सर, आमच्याकडे पाहुण्याला चहा थोडा देतात," ती म्हणाली. "जितका मान मोठा, तितका चहा थोडा. पुन्हा पुन्हा ओतायला मिळावा, पाहुण्याने बसावं, बोलावं म्हणून. सासऱ्यांनी तुमच्या मिसेसना पहिल्याच पियाल्याला हे सांगितलं."

"आणि भरून दिला तर?"

"भरून दिला तर त्याचा अर्थ, हा प्या आणि निघा. असं आम्ही नकोशा माणसालाही सहसा करत नाही. आणि तुम्ही..." तिने दाराकडे बघितलं. "स्वतःच्या बायकोला. सगळ्यांसमोर."

पण मत्सर ही वस्तू अशी आहे, की ती चूक कळल्यावरही लगेच उतरत नाही. मी म्हणालो, "माझी टवाळी चालली होती ती? सगळे माझ्याकडे बघून हसत होते ते?"

"टवाळी?" तिने फडकं खांद्यावर टाकलं. "त्या तुमचीच गोष्ट सांगत होत्या. सुरुवातीलाच म्हणाल्या, ही माझ्या नवऱ्याची गोष्ट आहे, त्याच्याएवढी चांगली मला सांगता येत नाही. तो पंप. दुसऱ्या गावची विहीर, रिकामे घडे घेऊन पळणारे लोक, आजीची कळशी." ती हसू दाबत जराशी वाकली. "खरं सांगा, सर. ते घड्याळ खरंच चालू होतं?"

दाढीवाला पुढे झुकला होता. शवकतही.

"चालू होतं," मी म्हणालो.

"पण दहा मिनिटं मागे," निगोरा म्हणाली. "तिथे तर आम्ही मेलोच!"

"काय?"

"तुमच्या मिसेसनी सांगितलं ना. पाटलांनी ते घड्याळ कानाला लावलं. चालू! मग त्यांनी दुसऱ्या हातातल्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, हं, पण दहा मिनिटं मागे पडलंय."

मी खुर्चीत मागे टेकलो. चौतीस वर्षं, तीन जिल्हे, हजारो माणसं. मी घड्याळापर्यंत येऊन थांबत होतो. आणि ते थांबायचं ठिकाण नव्हतंच. त्याच्यापुढे एक पायरी होती. ती मला कधी दिसली नाही, आणि स्वयंपाकघरात भांडं घासता घासता या बाईला दिसली होती. मघाशी त्या खरबूजवाल्याचा हेवा वाटत होता, तो गेला. त्याच्या जागी दुसरा आला. तो जास्त खोल होता.

मी उठलो. शवकतला नमस्कार केला. मग हात छातीवर ठेवून मान लववली, त्याच्यासारखी, जमली तशी. किटलीकडे बोट केलं. त्याने धुतलेला पियाला फडक्याने पुसून माझ्या हातात दिला.

मंदा बाहेर बाकावर बसली होती, रस्त्यापलीकडच्या मक्याकडे तोंड करून. मी शेजारी बसलो. पियाला मधे ठेवला. किटलीतून त्यात चहा ओतला आणि परत किटलीत टाकला. पुन्हा ओतला, पुन्हा परत टाकला.

"काय चाललंय?"

"तीनदा करतात."

"त्याने मघाशीच केलंय. एका किटलीला एकदाच करतात."

"माझं एकेचाळीस वर्षांचं राहिलंय."

तिने मक्यावरची नजर काढली नाही. मी तिसऱ्यांदा परत टाकला आणि मग पियाल्यात दीड घोट ओतला. अंदाज चुकला म्हणून पावणेदोन झाला. तिने तो उचलला आणि चहा प्यायली. मी पुन्हा दीड ओतला.

"मंदे, तू तर कधी बसलीच नाहीस. मी सुरू केलं की उठून आत जायचीस."

"आतून ऐकू येतं."

"भांडी वाजायची."

"पाहुण्यांसमोर हसू नये, म्हणून वाजवायची. सासूबाई होत्या तेव्हा. नवऱ्याच्या थापांना बायको हसली की त्यांना चालायचं नाही. पुढे सवयच झाली."

एक ट्रक हायवेवरून गेला. मका वाकून परत उभा राहिला.

"दहा मिनिटं मागे का?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"ते घड्याळ. दहा मिनिटं मागे का पाडलंस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बारा वर्षं पाण्यात होतं हो. थोडं तरी खरं वाटायला नको का?"

मी इतका हसलो, की कवळी हाताने धरावी लागली. मग विचारलं, "हे कधी सुचलं तुला?"

"नीलूच्या बारशाला." नीलू माझी पुतणी. तिचं बारसं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

"तेव्हाच सांगायचं की मला!"

"सांगणार होते," मंदा म्हणाली. तिने रिकामा पियाला माझ्यापुढे धरला. "तुम्ही कधी थांबलात?"

मी दीड घोट ओतला.

मग आम्ही आत गेलो. मी मंदाकरवी शवकतला म्हटलं, तुमचं खरबूज पुन्हा ऐकायचंय. त्याने पुन्हा हात पसरले. खरबूज इतकं मोठं होतं, की ते कापायला आत शिरलेल्या माणसाचा सुरा हरवला. तो शोधायला दुसरा शिरला. आणि दोघांना आत तिसराच भेटला, जो गेल्या वर्षीपासून आपला उंट शोधत होता. मंदाने हे मराठीत सांगितलं. सगळी गंमत आली, एक थेंब सांडला नाही. मराठीत येत नाही म्हणाली होती ती शुद्ध थाप होती.

श्रीरंग आला तेव्हा दाढीवाला माझ्या खांद्यावर हात टाकून बसला होता आणि टेबलावर पाच पियाले होते, सगळे जवळजवळ रिकामे.

"कंटाळलात ना?" श्रीरंगने विचारलं. "बाबा, विहिरीची गोष्ट नाही ना सांगितली?"

"मी नाही सांगितली," मी म्हणालो. हे मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात खरं वाक्य.

यालाही आता नऊ वर्षं झाली. मी एकोणऐंशीचा, मंदा तीन वर्षांनी लहान. ट्रंकेतला शब्दकोश आता टीपॉयवर असतो आणि गुरुवारी ती फोनवर शवकतशी तासभर बोलते. मला त्यातलं अजून काही कळत नाही, आणि अजूनही मला ते आवडत नाही. कराडात कुणी घरी आलं की म्हणतं, "वहिनी, ती विहिरीची गोष्ट सांगा. तुम्हीच सांगा, भालूअण्णा घाई करतात." मग ती सांगते, बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर बसून. घड्याळापाशी आली की क्षणभर थांबते. ते थांबणं मला अजून जमलेलं नाही. मी त्या वेळी आत ओट्यापाशी असतो. चहा मीच करतो आता. आणि एखाद्या दिवशी त्यांचं हसणं फारच वाढलं, तर माझ्या हातून एखादं भांडं जरा जोरात आपटतं.

परवा सकाळी आम्ही दोघंच होतो. रात्रभर तिला खोकला होता, डॉक्टरकडे जायचं होतं, रिक्षा सांगितली होती. माझं लक्ष फाटकाकडे. त्या नादात मी तिच्या कपात चहा ओतत गेलो, आणि तो काठापर्यंत आला.

मंदाने कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"निघू का?" ती म्हणाली.

मी कप उचलला आणि चहा परत किटलीत टाकला.